पेपरातला ‘उद्या’

करडी, गुरुवार, २० जानेवारी १९७७

वाडीतली वांगी आणि भेदरं, म्हणजे टोमॅटो, एका रात्रीत काळी पडली. चूक माझीच. काल संध्याकाळी बाबांना पेपर वाचून दाखवला, ‘उद्या रात्री थंडीची लाट’. ते म्हणाले, “मंग झाडं धानाच्या तणसानं उद्याच झाकू.” पण भंडाऱ्याहून एसटीने येणारा पेपर आदल्या दिवशीचा असतो. त्यातला उद्या म्हणजे कालचीच रात्र! लक्षात कसं आलं नाही? घरात वाचता येणारी मी एकटी.

सकाळी शेजारचे काका बाबांना हसले, “तुही मास्तरीन काय वाचून राहिली होती गा?”

बाबा चिडले. “पेपरवाले लबाड. माही पोरगी बरोबर वाचते.”

ते ऐकवेना. दुपारी मी त्यांना सगळं सांगितलं, तो उद्या कोणता तेही. ते म्हणाले, “लिवलं होतं उद्या, तू वाचलं उद्या. तुही चूक कायची?”

आजही पेपर आला आहे. रोज दिवेलागणीला ते ऐकायला समोर येऊन बसतात. आज मेलेल्या झाडांना पाणी घालत राहिले. मलाही हाक मारवली नाही.