मावशीची अकराची घंटा पुन्हा सुरू करण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक,
मोबाईल संच व्यवस्थापन कक्ष,
प्राणिसंग्रहालय, मुख्य कार्यालय.

विषय : माझ्याच तक्रारीवरून बंद केलेली सूचना पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे तीन अर्ज व ‘तक्रार निकाली’ असे आपले दि. २ चे पत्र.

महोदय,

खाली सही करणारा मी अस्वलांच्या पिंजऱ्यावर एकोणीस वर्षे रखवालदार असून विनंतीपूर्वक कळवतो की,

१. कार्यालयाच्या मोबाईलवर रोज अकराला ‘खाद्य दिल्याची नोंद करा’ अशी सूचना घंटेसह येत असे. बोटाने सरकवली तरी ती जात नसे. नोंद होईपर्यंत वाजतच राही. एका हातात बादली, दुसऱ्यात कुलूप असताना नोंद कशाने करायची, हे मी तीन अर्जांत विचारले. तिसऱ्यात भाषा जरा चढली होती, त्याबद्दल दिलगीर आहे.

२. आपण दोन तारखेस सर्वांच्या मोबाईलवरील अशा सूचना एकदम बंद केल्या. त्या दिवशी मी सहकाऱ्यांना चहा पाजला.

३. अस्वल क्रमांक दोन, जिला आम्ही सगळे मावशी म्हणतो, तिला दिसत नाही व वयामुळे वासही फारसा येत नाही. ती त्या घंटेवर उठत होती, हे घंटा बंद झाल्यावर कळले. आज सहावा दिवस, मावशी गुहेबाहेर आलेली नाही. पाणी तेवढे पिते. मध लावलेली फळे तोंडाशी नेली तरी पंजाने सारते. डॉक्टर म्हणाले, “तपासणीत काही सापडत नाही. तिच्या लेखी अजून अकरा वाजलेच नाहीत.”

४. मी तोंडाने घंटा वाजवून पाहिली. बायकोच्या मोबाईलमधल्या सगळ्या घंटा वाजवल्या. शेजारची माकडे तेवढी जमली. आपल्या कक्षात विचारले असता निकाली तक्रार उघडता येत नाही व तक्रारीशिवाय सूचना सुरू करण्याचा नमुना नाही, असे सांगण्यात आले. मी धोंडा माझ्या पायावर मारला असता तर बोललो नसतो. तो मावशीच्या पायावर पडला आहे.

५. काल आपल्या कक्षाबाहेर बाकावर बसलो असता भिंतीपलीकडून तीच घंटा ऐकू आली. कारकून बाई म्हणाल्या, “तो नादुरुस्त संच आहे. बदल घेतच नाही, म्हणून कपाटात टाकलाय. दिवसभर वाजतो, डोकं उठतं.” संच चार्ज ठेवण्याचा नियम असल्याने वायर फटीतून आत सोडली आहे. किल्ली भांडारपाल साहेबांकडे असून ते पंधरा दिवस रजेवर आहेत.

६. मी कपाटाला मोबाईल लावून तो आवाज भरून घेतला व आज अकराला वाजवला. मावशी उठली. गुहेच्या तोंडाशी येऊन कान देऊन उभी राहिली. मला रडू आले. पण कपाटातला आवाज तो, दबका आणि लांबचा. घंटा दुसऱ्या कोणाच्या पिंजऱ्यात वाजते आहे असे समजून ती आपली पाळी येईपर्यंत थांबायला आत गेली.

७. पंधरा दिवस तिला निघणार नाहीत. तरी कपाट उघडावे. उघडता येत नसल्यास कपाटच पिंजऱ्यापाशी न्यायची परवानगी द्यावी. माणसे मी आणतो, वायर लांब लागेल.

माझी कोणतीही तक्रार नाही.

आपला नम्र व पस्तावलेला,
(सही)
रखवालदार, अस्वल विभाग
दिनांक : ८

सोबत : माझ्या तिन्ही अर्जांच्या प्रती. कृपया फाडून टाकाव्यात.