साडूभाऊंच्या परवान्याचं काय झालं

तीर्थस्वरूप साडूभाऊंस,

साष्टांग नमस्कार. आपला गुडघा काय म्हणतो? ताईंचा माझ्यावरचा राग उतरला असेल अशी आशा आहे. (उतरला नसेल तर हे पत्र त्यांच्या हाती पडू देऊ नये.) आपल्या पहारेकरी कंपनीच्या परवान्याचं काय झालं, हे आपण सारखं विचारताय. तेच सांगायला बसलो आहे, पण मुळापासून सुरुवात केल्याशिवाय मला काही सांगता येत नाही, हे आपण जाणताच.

फौजेतून मला खासगी सुरक्षा कंपन्यांचा नियंत्रक म्हणून इथे पाठवलं, तेव्हा वाटलं, आता या सगळ्यांना सुतासारखं सरळ करतो. आल्या आल्या नियमावली लिहिली: पहारेकऱ्याची उंची अमुक, छाती तमुक, सलाम कडक. (खुर्चीत झोपण्याबद्दल लिहायचं राहिलं, फौजेत पहाऱ्यावर खुर्ची नसते.) कंपन्यांनी नियम इतक्या आनंदानं मान्य केले, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग साध्या कपड्यांत तपासणीला निघालो. पद्धत सोपी. आत जायचं, काहीतरी उचलायचं आणि बाहेर पडायचं. एका बँकेतून भिंतीवरचं घड्याळ काढून आणलं, तर पहारेकऱ्यानं दार उघडून धरलं. एका गोदामातून टेबलपंखा उचलला, तर तिथल्यानं तो माझ्या हातातून घेऊन गाडीत ठेवला आणि वर सलाम ठोकला. (परत द्यायला गेलो तेव्हा म्हणाले, आमचा नाहीच. सध्या तो मलाच वारा घालतो.) असं का होतंय ते आपल्या मेहुणीनं, म्हणजे आमच्या हिनं, सांगितलं. म्हणाली, "तुम्ही चोरीलासुद्धा संचलनाला निघाल्यासारखे जाता. जरा ताईच्या घरी जाताना चालता तसे चाला ना."

तसा चाललो आणि त्याच दिवशी पकडला गेलो. तेही माझ्याच कार्यालयाच्या फाटकात, जिथे पहारा आपल्या कंपनीचा आहे. काखेत माझ्याच टेबलावरचा फोन होता. आपला तो नवा, बुटका पहारेकरी आडवा आला. ओळखपत्र दाखवलं तर म्हणाला, "फोटोतले साहेब ताठ आहेत." मला चौकीत बसवलं, प्यायला पाणी दिलं, आणि वर मंत्रीमहोदय माझी वाट बघत ताटकळले. (ते खाली येऊन माझी ओळख पटवू लागले, तेव्हा त्यानं त्यांचंही ओळखपत्र मागितलं.) साडूभाऊ, इतक्या तपासण्यांत पहारा म्हणजे काय ते मला तिथे पहिल्यांदा दिसलं. त्या चौकीत बसल्या बसल्या मला खरोखर भरून आलं.

बाकी घरी सर्व ठीक. लोभ आहेच, तो आज जरा जास्त लागेल.

आपला धाकटा साडू

ता. क. तो पहारेकरी, आणि आपले बाकीचे सगळेच, उंचीत दोन बोटं कमी भरतात. नियम माझा, त्यावरची सही माझी. घड्याळवाले आणि पंखेवाले मात्र उंचीछातीसकट नियमात बसतात. त्यांचे परवाने कायम झाले, आपला रद्द.

आणखी एक. हे पत्र आणणारे दोघे माझ्या कार्यालयातले आहेत. ते कुलूप लावायला आलेत. त्यांच्यावर चिडू नये, बिचारे हुकमाचे ताबेदार. उंचीचा नियम काढून टाकावा असं मी वर लिहिलं आहे, पण ते कागद मंत्रीमहोदयांकडे आहेत आणि त्यांच्या मनातून चौकी अजून गेलेली नाही.

आता खरं काम. हिला मी अजून काही बोललेलो नाही. आपण ताईंना सांगितलंत की बहिणीबहिणींचा फोन होणार आणि दोन्ही घरांत आपल्या दोघांना जेवायला कोणी विचारणार नाही. तेव्हा संध्याकाळपर्यंत काही बोलू नये आणि थेट चौकातल्या खानावळीत यावं. बिल मी देईन. आपण दिलंत तर ती लाच ठरेल.