चाळिसावा सेकंद

रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. हात आपोआप तोच लिहितो, म्हणून आधी तो घे. भाऊजींना सांग, त्यांनी दिलेली छत्री ऑफिसातल्या कुणीतरी पळवली, पण मी रागावलेली नाही. चिमणीचा नवा चष्मा फोटोत बघितला. अगदी मुख्याध्यापिका दिसते. तिला म्हणावं, मावशी घाबरली.

मी बरी आहे. वेळेवर जेवते. स्वयंपाकघरातला नळ गळतो, तो दुरुस्त करायला माणूस येतो येतो म्हणतो आणि येत नाही. मी खाली पातेलं ठेवलंय, भरलं की ओतते. दिवस असेच जातात. वाईट वाटतं का म्हणून तू मागे विचारलं होतंस. खरं सांगायचं तर काहीच वाटत नाही. दात काढल्यावर गालाला हात लावला की गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं पाच महिने चाललंय.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. फोनवर तू "असू दे गं" म्हणशील आणि मी लगेच असू देईन.

कामाचं सांगते. आई ज्यांना "तुझे हमाल" म्हणायची, ते अखेर हाती लागले. तुला तिने सांगितलंच असेल: पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक पिशव्या असतात, त्यांना पातळ पडदा असतो, आणि त्या पडद्यातून मालाची ने-आण करणारी प्रथिनं असतात. आम्ही खाटकाकडून मेंढ्याची हृदयं आणतो, वाटतो, पिशव्या वेगळ्या करतो, मग साबणासारख्या द्रावणाने पडदा विरघळवून ते एकच प्रथिन बाहेर काढतो. दोन दिवस कोल्ड रूममध्ये स्वेटर घालून बसायचं. बाहेर काढलेलं प्रथिन नाजूक असतं, काही तासांत मरतं. म्हणून लगेच त्याला चरबीच्या नव्या, रिकाम्या पिशव्यांमध्ये बसवायचं आणि बघायचं, तिथेही ते हमाली करतं का. आई विचारायची, "दुसऱ्याच्या घरात नेऊन कामाला लावता होय गं त्यांना?"

करतात, ताई. जून महिन्यात केली. त्या दिवसाचा ग्राफ माझ्या आयुष्यातला सगळ्यात देखणा ग्राफ आहे.

फक्त त्यात एक बिंदू नाही. ही चाचणी घड्याळावर चालते. दहाव्या सेकंदाला थेंबभर नमुना घ्यायचा आणि हमालांना जागीच थांबवणाऱ्या औषधात टाकायचा. मग विसाव्या, चाळिसाव्या, साठाव्या. चाळिसावा राहिला. आमच्या वहीचा नियम असा की सगळं शाईने लिहायचं, खोडायचं नाही, आणि नमुना राहिला तर का राहिला ते तिथल्या तिथे लिहायचं. मी लिहिलं होतं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी तेव्हा न वाचताच सही केली होती. आता शोधनिबंधासाठी गेल्या महिन्यात त्यांनी वही उघडली. वाचलं, तारीख बघितली.

"हा त्याच दिवशीचा फोन?"

"हो."

त्यांनी वही मिटली. म्हणाल्या, "परत करू या." केलं. सगळे बिंदू आले, चाळिसावासुद्धा. सगळ्यांनी पाठ थोपटली. मी हात धुतले आणि घरी आले.

ताई, स्टॉपवॉच म्हणून मी माझा फोनच वापरते.

मी तुला सांगितलं होतं, कोल्ड रूममध्ये होते, तिथे रेंज नसते. ते खोटं आहे. चाचणी बाहेरच्या टेबलावर होती, खिडकीपाशी. फोन समोर होता. आकड्यांवर तुझं नाव आलं. तू सकाळीच सांगितलं होतंस की आईला श्वास लागतोय, ती माझ्याशी बोलायचं म्हणतेय. कशासाठी फोन आहे ते मला माहीत होतं. दोन दिवसांचं काम आहे, दोन मिनिटांनी करते, असं मनात म्हटलं आणि कापला. कापण्यात चाळिसावा सेकंद गेला. मग नमुने बर्फावर होते, ते गाळून संपवल्याशिवाय उठता येत नाही, म्हणून उठले नाही. उठता येत होतं.

वहीत वेळ आहे. अकरा वाजून चार मिनिटं. डॉक्टरांच्या कागदावर आई गेल्याची वेळ अकरा वीस आहे. सोळा मिनिटं होती, ताई.

एवढं करून मी थांबले नाही. तू रडत होतीस तेव्हा वर म्हणाले, "पाच मिनिटं आधी केला असतास तर मी बाहेरच होते." का म्हणाले ते माहीत नाही. तोंडातून गेलं आणि तुला ते खरं वाटलं.

गेल्या रविवारी भाऊजी म्हणाले, तू अजून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतेस की आईच्या अंगाखालची चादर बदलत बसले, त्यात वेळ गेला, नाहीतर मायलेकींचं बोलणं झालं असतं. चादर बदलायची वेळ आली की तू दारातच थांबतेस, मग ती चिमणी बदलते, असंही म्हणाले. ते ऐकलं तेव्हा पहिल्यांदा कुठेतरी दुखलं.

सोबत वहीच्या त्या पानाची झेरॉक्स आहे. चौथी ओळ वाच. "४० सेकंद: नमुना नाही. ताईचा फोन आला, कापला." अक्षर माझंच आहे, खाली मॅडमची सही आहे. भाऊजींनाही दाखव. जे जे तुझ्याकडून चादरीचं ऐकून गेले, त्यांनाही.

मला माफ कर असं मी लिहीत नाही, कारण तू करशील. आईला काय बोलायचं होतं, हे मी तुला आजवर विचारलं नाही. कधी सांगावंसं वाटलं तर सांग, नाहीतर राहू दे.

चादरी बदलत जा. तू वेळेवर फोन केला होतास.

तुझी,
फोन हातात असलेली धाकटी