मागच्या चाकापाशी

५ जानेवारी २००३, रविवार. मंचर

आजपासून आम्ही बेघर. पुण्याचा फ्लॅट भाड्याने दिला, किल्ली भाडेकरूच्या हातात ठेवली आणि कुमुदने मॅटॅडोर सुरू केली. गाडी तीच चालवते. इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवूनही मला क्लच आणि ब्रेक यांतला भेद कळत नाही, असं तिचं मत आहे. मी त्याचं खंडन करत नाही, कारण लगेच प्रात्यक्षिक मागितलं जाईल.

गाडी पूर्वी फिरता दवाखाना होती. आता आत दोन बाकं जोडून पलंग, एक शेगडी, पाण्याची टाकी, आणि खिडकीवरच्या फळीवर दोरीने बांधलेली माझी पुस्तकं. बाहेर दोनदा रंग देऊनही जुनं लाल चिन्ह डोकावतंच. राजगुरुनगरला चहासाठी थांबलो तर एका बाईने दंड पुढे करून माझ्याकडे इंजेक्शन मागितलं. सुई संपली म्हणालो. खोटं बोलणं मला पहिल्याच दिवशी जमायला लागलं आहे.

गृहस्थ आणि वानप्रस्थ यांच्या मधला आमचा आश्रम: चक्रस्थ. हा विनोद मी पुण्याच्या वर्तमानपत्रातल्या माझ्या रविवारच्या पत्रासाठी राखून ठेवला होता, पण राहवलं नाही, कुमुदला सांगितला. ती म्हणाली, अवश्य छापा, म्हणजे कोणी घरी बोलावणार नाही. त्या पत्रांचा नियम मात्र मी ठरवून टाकला आहे: ज्याच्या दारी थांबू त्याचं खाऊ, आणि जे खाऊ तेच लिहू.

बाजाराच्या मागे कांद्याच्या ट्रकांच्या रांगेत मुक्काम. शेजारच्या ड्रायव्हरने विचारलं, भाऊ, घरातून भांडून निघाला काय? कुमुदने आतूनच सांगितलं, भांडण बरोबर घेऊन निघालोय. तो इतका हसला की त्याने आम्हाला दोन गड्डे लसूण दिला.

८ जानेवारी. लोणी

गाडी तापली. रस्त्याकडेच्या शेतात मोटर चालू दिसली म्हणून कुमुद पाणी मागायला गेली आणि पाण्याबरोबर मालकिणीलाच घेऊन आली. कोंडाबाई. साठीच्या, उंच, जिभेला हाड नाही. गाडीत डोकावून सगळं पाहिलं, पलंग दाबून पाहिला, आणि म्हणाल्या, लई झ्याक. सासू येताना दिसली का गेर टाकायचा.

घरी नेलंच. त्यांचा मुलगा प्रबुद्ध वीज मंडळात आहे. त्याने माझं नाव ऐकलं आणि विचारलं, सर, रविवारची पत्रं लिहितात ते तुमीच का? मला बरं वाटलं, हे लपवत नाही. ओसरीच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. माझी नजर तिकडे गेलेली कोंडाबाईंनी पाहिली असावी. छप्पन साली सासऱ्यांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, येताना पायात चप्पल न्हाई पण मान अशी ताठ, असं त्यांनी उभं राहून करूनच दाखवलं. मी म्हणालो, वा, फार चांगलं. जरा जास्त वेळा म्हणालो.

निघताना त्यांनी रात्रीसाठी हुलग्याचं माडगं दिलं, कडीच्या डब्यात. हुलगे भाजून दळायचे, त्या पिठाचं पातळ, लसणाची फोडणी दिलेलं गरम पेय. थंडीत याच्यासारखं काही नाही म्हणे. डब्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरलेलं, कोंडाबाई.

गाडी त्यांच्याच बांधाला लावली आहे. कुमुदने दोन वाट्या घेतल्या. मी माझी वाटी घेऊन बाहेर पायरीवर बसलो. सूर्यास्त सुरेख. पोट जरा जड होतं. वाटी रिकामी झाली.

१० जानेवारी. नारायणगाव

पत्र लिहून फॅक्स केलं. कोंडाबाईंवरच लिहिलं आहे आणि माझ्या मते चांगलं उतरलं आहे. शेवटचं वाक्य असं: ‘माडग्याचा शेवटचा थेंब मी बोटाने निपटून घेतला, आणि मला वाटलं, जात ही फक्त भुकेला नसते.’ कुमुदने वाचलं आणि वाक्य छान आहे म्हणाली.

डबा आमच्याकडेच राहिला आहे. भल्या पहाटे निघालो त्या गडबडीत. कुमुद अस्वस्थ आहे. कुणाचं भांडं ठेवून घेऊ नये, आणि परत करायचं तर रिकामं करू नये, हे तिच्या आईने तिच्या अंगात भिनवलं आहे. मी म्हणालो, परतताना लोणीवरूनच जाऊ. तिने डबा फळीवर ठेवला. नाव समोर येत होतं, मी तो फिरवून ठेवला.

एक गंमत. मागच्या चाकापाशी मातीत ओला डाग होता, वाटीएवढा. टाकी गळते की काय म्हणून मी वाकून पाहिलं. टाकी कोरडी. डागाला लसणाचा वास.

१४ जानेवारी, संक्रांत. आणे

चिमाजी नावाच्या शेतकऱ्याच्या खळ्यात मुक्काम. पठार उघडंबोडकं, वारा कापणारा, माणसं मात्र मायाळू. चिमाजी दिवसभर आमच्या गाडीभोवती फिरतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ती स्वतःची असल्यासारखी दाखवतो. आमचं पावणं हाये, संसार गाडीत, भांडण झालं तरी बायको दोन हातांवरच.

संध्याकाळी तीळगूळ. सगळे अंगणात जमले. चिमाजीच्या बायकोने कुमुदच्या हातावर ठेवला, तिच्या पाया पडली. सुनेने ठेवला. मग चिमाजी माझ्याकडे आला. मी हात पुढे केला. त्याने वडी माझ्या शेजारच्या दगडी कट्ट्यावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरला. गोड बोला म्हणाला, हसत, अगदी मनापासून.

वाटलं, थट्टा असेल. पण त्याच्या भावाने तेच केलं. मग म्हाताऱ्याने. कट्ट्यावर माझ्याशेजारी तिळाच्या वड्यांची रांग लागली, आणि कोणाच्याही चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी चिमाजीला हळूच विचारलं, हातात का नाही दिला? तो गोंधळला. आसं कसं, हातातच दिला की राव, म्हणाला.

सकाळी चाकापाशी डाग होता. वाळलेला नव्हता. मुंग्यांची ओळ त्याला लांबून वळसा घालून जात होती.

१६ जानेवारी. घाटाखाली

हॉटेलात कुमुदला पेला दिला. मी पाणी मागितलं तर मालकाने जग उचलला आणि माझ्यापुढे उंच धरला. वरून. आणि मी—

मी ओंजळ केली. कोणी सांगितलं नव्हतं. वाकलो, दोन्ही तळवे जुळवले, कोपरं अंगाशी घेतली, जणू जन्मभर असंच प्यायलो आहे. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. कुमुद समोर बसून मासवडीचे तुकडे करत होती. तिला काही दिसलं नाही. म्हणाली, सदरा भिजवलात.

चहा वेगळ्या कपात आला. फुटका कान. पिऊन झाल्यावर तो मी आपणहून विसळला आणि बाहेर भिंतीच्या कोनाड्यात ठेवला. कोनाडा कुठे आहे ते मला ठाऊक होतं.

डबा आज पुन्हा नाव समोर करून. कुमुद म्हणते, तिने हात लावलेला नाही.

१९ जानेवारी, रविवार. आळेफाटा

पत्र छापून आलं. कुमुदने मोठ्याने वाचलं. शेवटच्या वाक्याशी तिने माझ्याकडे पाहिलं, अभिमानाने. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

लिहून टाकतो. इथे तरी.

माडगं मी प्यायलो नाही. पायरीवर बसलो, वाटी ओठांशी नेली, वास चांगला होता, भूकही होती. डोळ्यांपुढे ओसरीवरची तसबीर आली. मग मी इकडेतिकडे पाहिलं, आणि वाटी मागच्या चाकापाशी ओतली. कसला विचार केला नाही. तीस वर्षं मी भाषणांत, वर्गात, पत्रांत सांगत आलो की मी हे मानत नाही. खरंच मानत नाही. हाताने फक्त ओतलं. आणि ओतल्यावर मी पायाने वर माती लोटली, मांजरासारखी.

ती माती लोटणं— वाटी ओतण्यापेक्षा तेच जास्त—

कुमुदला सांगायला हवं. तिने विचारलं होतं, कसं झालं होतं? मी म्हणालो होतो, अप्रतिम.

२० जानेवारी. सकाळ

कुमुदने माझं ताट पायरीवर ठेवलं. बाहेर. स्वतः आत बसली. मी आत येऊ लागलो तर तिने पाय जवळ घेतले. मुद्दाम नाही. साडी सावरावी तसे.

मी म्हटलं, कुमुद, मला हात दे. ती हसली. आता काय म्हातारपणी, म्हणाली. हात दिला नाही. मी पुन्हा मागितला. दिला की, म्हणाली. तिचा हात तिच्या मांडीवर होता.

सगळ्या गावांनी टाळलं तरी चालेल. पण ही— हिच्याशिवाय मी—

२० जानेवारी. दुपार

सांगायला तोंड उघडलं. एवढंच निघालं की डबा परत करू, आत्ता, आजच. ती म्हणाली, कधीची तर म्हणतेय. गूळपोळ्या करायला बसली आहे. डबा भरून द्यायचा आहे. मी तीळ भाजतो म्हणालो. नको, म्हणाली, राहू दे, तुम्ही नका हात लावू.

आवाज नेहमीचा. प्रेमळ. भीती त्याचीच वाटते.

मी ठरवलं आहे. कोंडाबाईंकडे वाटीभर माडगं मागून घ्यायचं आणि सगळ्यांसमोर प्यायचं. मग कुमुदला सांगायचं. मग ती हात देईल. बाकी काही मागणं नाही.

२१ जानेवारी. लोणीच्या वाटेवर

पुढच्या सीटवर तिची पर्स आणि पोळ्यांचा डबा. मला मागे बसायला कोणी सांगितलं नाही. मी मागे बसलो आहे. खाली, पत्र्यावर. बाक रिकामं आहे.

मंचरला टायरवाल्याकडे थांबलो. त्याने विचारलं, ताई, एकट्याच का? कुमुदने उत्तर द्यायला वेळ लावला. आठवावं लागतं तसा.

लोणी

कोंडाबाई धावतच आल्या. पावणं, म्हणाल्या, तुमी पेपरात छापलं आन् गाव माडगं मागाया लागलं, माजे हुलगे संपले की व्हो. आणि त्यांनी माझा हात धरला. हातात हात. गरम, खरखरीत. इतक्या दिवसांनी—

मला रडू आलं. त्या म्हणाल्या, आगं बाई, ह्यांना उपाशी ठेवलं का काय.

प्रबुद्धने कात्रण भिंतीवर लावलं आहे. चौकट करून. बरोबर त्या तसबिरीखाली. ‘शेवटचा थेंब’ या शब्दांखाली लाल रेघ.

मी वाटीभर माडगं मागितलं; तुमच्यापुरते हुलगे ठिवलेत, म्हणत कोंडाबाईंनी वाटी भरून दिली. मला तिथे बसवेना. म्हणालो, पायरीवर बसून पितो, त्या दिवशीसारखं.

पायरी

तोच बांध. त्याच जागी गाडी. डाग वाळलेला नाही.

वाटी डाव्या हातात, वही मांडीवर. कोंडाबाई ओसरीच्या कडेला उभ्या आहेत, माझं तोंड बघायला. प्रबुद्धही. कुमुद गाडीच्या दारात. सगळे समोर आहेत. हेच हवं होतं. पितो आणि मग लिहितो—

ओठांशी आली. वास चांगला आहे. भूक आहे.

हात थांबला आहे.

कोंडाबाई विचारतात, मीठ कमी हाय का पावणं?

मनगट वळतंय. मी वळवत नाही. वाटी तिरकी— मी नाही, हात— नाही. हे खोटं लिहू नये. कुमुदने वाटीकडे पाहिलं, मग चाकाकडे. मग माझ्या पायाकडे. तिला कळलं. धार लागली आहे, आणि माझा पाय माती