नवऱ्याकडचा माणूस

आपला पाडा, ता. तलासरी
२४ मार्च २०१९

विनोद,

आधी ताईचा आशीर्वाद घे, मग रागव. तू फोन उचलत नाहीस. उचललास तरी "ताई, रेंज नाही" म्हणून ठेवतोस. वनरक्षकाची नोकरी लागल्यापासून तुझी रेंज नेमकी माझ्याच फोनला कशी जाते ते मला कळत नाही. म्हणून पत्र लिहितेय. पत्र मध्येच ठेवता येतं म्हणा, पण तू ठेवणार नाहीस. लहानपणी किराण्याच्या पुड्याचा कागदसुद्धा उलगडून शेवटपर्यंत वाचायचास तू.

इकडे सगळे बरे आहेत. धक्के कमी झालेत, थांबले नाहीत. परवा दुपारी अंगणवाडीत खिचडी वाढताना एक बसला. पोरं आता रडत नाहीत. आपापली ताटली उचलून रांगेने अंगणात जातात आणि तिथे बसून जेवतात. आमच्या सोनीला विचारलं, भूकंप म्हणजे काय गं, तर म्हणते, बाहेर जेवायचं.

होळीला तुझी वाट पाहिली. आयने तुझ्यासाठी ताडगोळे ठेवले होते, ते शेवटी तुझ्या दाजीने, बारक्याने खाल्ले. बा संध्याकाळपर्यंत नाक्यावर उभा होता. विचारलं तर म्हणाला, टेम्पो किती जातात ते बघत होतो.

निवडणूक आली आहे. जीपा फिरतात, भोंगे वाजतात, माणसं उतरून हात जोडतात. आयला जोडतात, मला जोडतात, अंगणात बसलेल्या, लग्नं लावणाऱ्या गंगी धवलेरीच्या तर पाया पडतात. बाला मात्र कोणी जोडत नाही. त्यांना कोणीतरी आधीच सांगून ठेवलेलं असतं, हा नेपाळी आहे, याचं मत नाही. बा हसतो आणि म्हणतो, बरं आहे, पाड्यात मी एकटा मोकळा.

सरकारने तंबू दिले ते तुला कळलं असेलच. आयने पहिला तंबू परत केला. त्याची चेन लागत नव्हती. भर मैदानात साहेबाला म्हणाली, "नाय पायजे मना असला. तुमची बायको झोपंल यात?" साहेब बिचारा तरुण होता, त्याचं लग्नही झालेलं नसेल. दुसरा तंबू निमूट आणून दिला. आम्ही सगळे आता त्यातच झोपतो.

सगळे म्हणजे आय, मी, बारक्या आणि सोनी. बाचं पुढे लिहिते.

तंबू वाटले त्याच दिवशी शाळेच्या मैदानात सभा होती. सगळेच ओरडत होते. घरं तडकलेली, लेकरं उघड्यावर, माणसाने ओरडू नये तर काय करावं? आपली आय सगळ्यांत पुढे होती. मग बा उठला. हात जोडून म्हणाला, "साहेब, म्हातारी माणसं आहेत, खालून गार लागतंय. खाली टाकायला काही मिळालं तर." स्वतःसाठी मागितलं नाही त्याने. तेवढ्यात शेजारचा काकड्या मागून म्हणाला, "तू बस रे. सरकार आमचं आहे, आमी बोलू. तू तुज्या सरकारला माग."

काकड्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. त्याच्या घराचा कोपरा आदल्याच रात्री पडला होता, डोकं ठिकाणावर नव्हतं. पण बोलायचं ते बोलला. बा बसला. आय ताडकन उठली, तर बाने तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. तेहतीस वर्षं तो या पाड्यात आहे. काकड्याच्या बापाला खांदा दिलेला माणूस. आशागडच्या चिकूवाडीवर राखणदार होता तेव्हापासून तिथल्या तोडणीला इथल्या बायकांना कामाला लावलेला माणूस. आयही त्यातलीच. हे सगळं तुला माहीत आहे, तरी मला लिहावंसं वाटलं.

त्या दिवशी घरी येऊन बाने आपली पथारी उचलली आणि घरात नेली. म्हणाला, तंबू तुमचा आहे, तुमच्या सरकारने तुम्हाला दिलाय. तेव्हापासून तो घरातच झोपतो.

आता कळलं का, मी ताडगोळ्यांचं आणि भोंग्यांचं का लिहीत बसले होते ते?

पुढची विटांची भिंत कोपऱ्यातून अशी फाटली आहे की सोनीचा हात आत जातो. कौलं सरकली आहेत. २०१५ साली नेपाळात बाचा मोठा भाऊ घराखालीच गेला. घर पडतं म्हणजे काय होतं, हे या पाड्यात त्याच्याइतकं कोणाला माहीत आहे? आणि तरी तो रोज आत जाऊन झोपतो. आय शिव्या देते, सोनी रडते, मी हातापाया पडते. तो म्हणतो, "काय नाय होत."

तलाठीबाई घरं पाहायला आल्या तेव्हा त्यांनी आतली पथारी पाहिली. मला वाटलं रागावतील. त्या ओट्यावर बसल्या आणि सरळ विचारलं, काका, तंबूत का नाही झोपत? बा म्हणाला, माझं नाव नाही त्यात. बाई म्हणाल्या, "तंबूला नाव लागत नाही. तुमच्या डोक्यावर काही पडू नये, आजारी पडलात तर दवाखान्यात औषध मिळावं, कोणी मारलं तर तक्रार लिहून घेतली जावी, एवढं सरकार इथे राहणाऱ्या कोणाचंही देणं लागतं. रेशन, घरकुल, मत, हे नागरिकाचं."

बा म्हणाला, "म्हणजे मी मरू नये, हे सरकार बघणार. जगायचं कसं, ते माझं मी."

बाईंनी चहा घेतला. विनोद, मी अंगणवाडीत रजिस्टरं भरते, सरकारचं थोडंफार मलाही कळतं. पण मी विचार करत राहिले. आपल्यालाही सरकारने काय मोठं दिलंय? रस्ता अजून कच्चा आहे, नळाला पाणी नाही. मग आपल्यात आणि बामध्ये फरक काय? फरक एवढाच की आय चेन न लागणारा तंबू तोंडावर परत फेकू शकते. बाला ताडपत्रीसुद्धा हात जोडून मागावी लागते, आणि मागितली तर शेजारी म्हणतो, बस.

उठता उठता बाईंनी आयला विचारलं, तुमचं लग्न झालंय ना? आय हसायला लागली. म्हणाली, "लगीन कुठं? पोरं झाली, नात झाली, लगीन ऱ्हायलंय." आधी संसार, पैसे जमले की लगीन, ही आपल्याकडची पद्धत बाईंना माहीत आहे, त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी सांगितलं, लग्न लावा, त्याची नोंद करा. मग काकांना नागरिक होण्यासाठी अर्ज तरी करता येईल. होईलच असं नाही, झालं तरी वर्षं जातील. पण आज तर अर्जालाही जागा नाही.

झालं. आयने मनावर घेतलं. तुला माहीत आहे, आयने मनावर घेतलं की भूकंप बाजूला सरतो. गंगीला बोलावलं. होळी झाल्यावर लगीन, आणि त्याच मांडवात माझं आणि बारक्याचंही उरकायचं, कारण आईबापाचं लागल्याशिवाय पोरीचं लागत नाही. बारक्या इतका खूश झाला की त्याने नवा शर्ट आणला, मला न विचारता. पोपटी रंगाचा.

गंगीने विचारलं, "नवऱ्याकडून कोण?" तिथे सगळं अडलं. सगळा पाडा आयच्या नात्यातला, म्हणजे सगळे नवरीकडचे. काकड्या स्वतः उठून आला. बासमोर उभा राहून म्हणाला, "मी येतो तुज्याकडून." मला माहीत आहे, त्याला माफी मागायची होती, आणि याहून बरी मागता येत नव्हती. बाने त्याला जवळ बसवलं, विडी दिली. मग म्हणाला, लगीनच नको.

का नको, तर म्हणे नेपाळचं नाव सोडावं लागेल, तिकडे आईला अग्नी दिला, भाऊ गेला. आयला ते पटलं. मला नाही पटलं, कारण मला खरं कारण माहीत आहे. तेच लिहायला हे पत्र घेतलं, आणि बघ, कुठवर आले तरी लिहवत नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात तुझ्या नोकरीच्या पडताळणीला पोलीस आला होता. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. आय रोपणीला गेली होती. पोलिसाला बाने खाट दिली, पाणी दिलं. त्याने विचारलं, विनोदचं घर हेच ना? बा म्हणाला हो. त्याने विचारलं, "त्याचे वडील कधी वारले?"

मी मान वर केली. बा त्याच्यासमोर रिकामा पेला हातात घेऊन उभा होता. बोलायला त्याला फार वेळ लागला नाही, हेच मला अजून सहन होत नाही. तो म्हणाला, "झाली साहेब, काही वर्षं."

पोलिसाने विचारलं, तुम्ही कोण?

बा म्हणाला, "मी इथंच राहतो."

पोलीस गेला. बाने पेला विसळून पालथा घातला आणि मला म्हणाला, आयला सांगू नको. पोरगा घाबरला असेल. बस, एवढंच. तुझी नोकरी लागली त्या दिवशी सगळ्या पाड्याला पेढे वाटले ते कोणी, आठवतंय? ज्याला तू जिवंत नाही म्हणून सांगितलंस, त्यानेच.

मी तुझ्यावर चिडलेय. इतकी चिडलेय की तू समोर असतास तर तुझ्या त्या खाकी वर्दीसकट कान पिळला असता. पण तू का बोललास तेही मला कळतं. कोणीतरी कानात सांगितलं असेल, बाप परदेशी निघाला तर नाव कापतील. मी तलाठीबाईंना कोणाचं नाव न घेता विचारलं. त्या म्हणाल्या, आई इथली, मुलगा इथे जन्मलेला, मुलाला काय अडचण? म्हणजे विनोद, तुला काहीच सांगायची गरज नव्हती. बाप जिवंत आहे आणि नेपाळी आहे, एवढं खरं सांगितलं असतंस तरी चाललं असतं.

आता मात्र अडचण आहे. लग्नाची नोंद करायला बाला जिवंत व्हावं लागेल. उद्या कोणी जुळवून पाहिलं तर तुला विचारतील, खोटं का सांगितलंस. नोकरी जाईल की नुसती कानउघाडणी होईल, मला माहीत नाही. खोटा धीर मी देणार नाही. बा याच भीतीने लगीन नको म्हणतो. नेपाळचं सगळं त्याने आयसाठी रचलंय.

परवा मी आयला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग म्हणाली, "ज्यानं मारला त्यानंच येऊन उठवायचा. दुसरा कोण उठवणार?"

तिने सगळं ठरवूनही टाकलं आहे. देवीच्या चित्राचा चौक लिहिल्याशिवाय लगीन नाही, आणि चौक लिहायला भिंत हवी. घरात तर बाशिवाय कोणी पाऊल टाकायला तयार नाही. तंबूच्या कापडावर तांदळाचं पीठ धरत नाही, गंगीने बोट लावून पाहिलं. मग आय म्हणाली, आतल्या खोलीचा मागचा कुड, ती कारवीची भिंत, काढा आणि अंगणात उभा करा, त्यावर लिहू. बारक्या पोपटी शर्ट काढून लगेच पुढे झाला, तर त्याला म्हणाली, "तू नवरीकडचा. हात लावू नको. नवऱ्याकडची माणसं काढतील." ही रीत कुठली ते गंगीलाही माहीत नाही, पण आय म्हणते म्हणजे आहे.

मी तुला पत्र लिहितेय हे बाला माहीत आहे. म्हणाला, लिही, मी बरा आहे. ते मी वर लिहिलं. मात्र आज सकाळी आत डोकावले, तर त्याने कुडाच्या वरच्या सगळ्या बांधण्या सोडून ठेवल्या आहेत. खालच्या तशाच आहेत. मी म्हटलं, हे काय अर्धवट? तर म्हणाला, "खालचं सोडलं की धरायला दुसरा लागतो."

तो कुड आता वरून सुटा आहे आणि बाची पथारी त्याच्याच पायाशी आहे. ती त्याने हलवलेली नाही. रोज संध्याकाळी तो नाक्यावर जाऊन टेम्पो बघतो आणि मग आत जाऊन झोपतो. कधी धक्का बसेल ते कोण सांगणार?

साहेब म्हणून येऊ नकोस, रजा टाकून ये. आल्यावर तुला काही बोलावं लागणार नाही. बासुद्धा काही विचारणार नाही, तू त्याला ओळखतोस. फक्त कुडाची दुसरी बाजू धर. एकदा तो अंगणात आला की घराला मागची भिंत उरणार नाही, आणि मग बाला तंबूत यावंच लागेल.

तुझी मोठी बहीण, पण या लग्नात नवरीकडची,
म्हणून त्या कुडाला हात लावता येत नसलेली,

चंद्रिका