भूकंपातल्या बायका

प्रिय महामाया,

शुक्रवार, १२ डिसेंबर २०२५. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे झाली आहेत. चाकूरच्या बसस्थानकात मांडीवर पिशवी, पिशवीवर वही ठेवून हे लिहितो आहे. नांदेडची गाडी यायला वेळ आहे. विष्णुपुरीला तुझ्या खोलीच्या दाराखालून हे पत्र सरकवीन आणि आल्या पावली परत फिरेन. फोन तू उचलत नाहीस, त्याचा राग नाही. चौकशी होईपर्यंत माझ्याशी बोलायचं नाही, असं आपल्या सर्व्हेचे प्रमुख सिद्धेश्वर सरांनी तुला बजावलं आहे, हे मला कळलं आहे. पत्र वाचू नको असं मात्र ते म्हणाले नसतील.

सोमवारी सर ठरवणार आहेत. माझ्या पाच गावांतले तीनशे फॉर्म बनावट म्हणून बाद करायचे आणि माझं नाव दुसऱ्या सर्व्हेवाल्यांनाही कळवायचं. मंगळवारी मी त्यांच्यासमोर उभा होतो. त्यांनी खुर्चीसुद्धा दिली नाही. संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "हे बघ, आदर्श. झाडाखाली बसून फॉर्म भरणारा माणूस एकच आकडा पुन्हा पुन्हा लिहितो. मी वीस वर्षं हेच शिकवतोय." पडद्यावर बायकांच्या वयाचे खांब होते. सगळे गुडघ्याएवढे आणि बत्तीसचा एकटाच पाण्याच्या टाकीसारखा उंच. तीनशेपैकी एकेचाळीस बायका बत्तीस वर्षांच्या. एकतीसच्या सहा, तेहतीसच्या पाच. तू कोपऱ्यात उभी होतीस आणि खिडकीबाहेर बघत होतीस. सरांच्या जागी मी असतो तर मीही मला चोरच म्हटलं असतं. म्हणूनच गेले तीन दिवस अन्न गोड लागत नाही.

लातूरला आपण संख्याशास्त्राच्या एकाच वर्गात होतो. तू पुढे शिकलीस, मी दुसऱ्या वर्षाला सोडलं. तरी या कामासाठी तू मला फोन केलास. म्हणालीस, तुझं अक्षर चांगलं आहे आणि तू खाडाखोड करत नाहीस. ते वाक्य मी किती दिवस मनात घोळवलं, ते इथे लिहीत नाही. मग प्रशिक्षणाच्या दिवशी तू स्टीलचा डबा आणलास, त्यात घरांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या टाकल्यास, झाकण लावून हलवलास. सगळ्या गावाला विचारायची गरज नाही, म्हणालीस, वरण नीट ढवळलं असेल तर एका चमच्यात मीठ कळतं; पण ढवळायचा कंटाळा केला तर पातेलंभर खाऊनही कळत नाही. माझ्या शेजारी बसलेल्या आशा कार्यकर्त्या गुरम्माताई हळूच म्हणाल्या, "पोरगी लई गोड शिकविती रे." तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हा विषय मी उगाच सोडला.

पहिल्याच गावात डबा हलवला तर पारावर गर्दी जमली. दगडोबा नावाचे म्हातारे पुढे आले. "ए पोरा, भिशी हाय का घरकुल?" मी म्हटलं, काका, यात काहीच मिळत नाही, नुसते प्रश्न विचारायचे आहेत. "मंग डबा कशाला हलवायलास येड्यावानी? माझी चिठ्ठी तळाला दाबून ठिवलास का?" लोक हसले. त्यांचं घर निघालं नाही, तर संध्याकाळपर्यंत ते आमच्या मागे फिरत होते, आमच्या सुनेलाबी इचारा म्हणून. गुरम्माताईंनी त्यांना समजावलं. नियम मोडला नाही, महामाया. कुलूप असलं तरी शेजारचं घर घेतलं नाही, दुसऱ्या दिवशी परत गेलो.

प्रश्न कसले, ते तुला सांगायला नको. गर्भाची पिशवी काढली का, काढली तर किती वर्षांपूर्वी, आणि आता वय किती. ताई आत बसून विचारायच्या, मी ओसरीत बसून लिहायचो. वयावर सगळं अडायचं. आधार कार्डावर आणि शाळेच्या दाखल्यावर बहुतेक जणींचा जन्म एक जूनचा. मास्तरांनी पहिलीत नाव घालताना टाकलेला. त्यावर माझा विश्वास बसेना. आपल्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, वय माहीत नसेल तर मोठ्या घटनेवरून काढा. या भागात तशी घटना एकच. बाई म्हणायची, "म्या भूकंपातली हाय." सासू आतून साथ द्यायची, "हाव, भूकंपातलीच." मी दोन हजार पंचवीसमधून एकोणीसशे त्र्याण्णव वजा करायचो आणि बत्तीस लिहायचो. एक जूनपेक्षा भूकंप खरा, असं मी धरलं. मला त्याचा अभिमान वाटत होता.

काल आईला विचारलं. सहज नाही, मुद्दाम. माझी बहीण अंबिका नेमकी कधी झाली? आई भाकरी थापत होती. म्हणाली, "भूकंपातली की." मी म्हटलं, भूकंपाच्या आधी की नंतर? ती वैतागली. "आरं, म्या बाळंतपणाला औशाकडं माहेरी गेल्ते. तिथं समदे पत्र्याच्या शेडात. वरून पत्रा तापायचा, पोरगी रडायची, म्या वल्लं फडकं तिच्यावर धरायची. दुसरा उन्हाळा आसंल त्यो. का तिसरा?" मी विचारलं, मग भूकंपातली कशी? आई माझ्याकडे बघतच राहिली. "शेडात झाली म्हंजी भूकंपातलीच न्हवं का! घर कुठं होतं कुणाला?"

महामाया, सर त्या भूकंपाला एक दिवस धरतात. मीही धरला. या बायकांच्या घरी तो तीन-चार वर्षं चालला होता. जी तेव्हा रांगत होती तीही भूकंपातली आणि जी नंतर शेडात जन्मली तीही. त्या सगळ्यांना मी एकाच वर्षात कोंबलं. म्हणजे सरांचा संगणक चुकला नाही. तो खांब खोटाच आहे. फक्त तो झाडाखाली बसून उभा केलेला नाही, घरोघर जाऊन, शब्दाला शब्द लिहून केलेला आहे. आणि चूक साधी नाही. अंबिकासारख्या ज्या शेडात जन्मल्या, त्यांना मी दोन-दोन वर्षांनी मोठं करून ठेवलं. पिशवी काढली तेव्हा त्या माझ्या फॉर्मात दिसतात त्याहून लहान होत्या.

आता मूळ गोष्ट लिहितो. चौथ्या गावात डब्यातून जी चिठ्ठी निघाली, ते अंबिकाचं सासर होतं. मी नको म्हणालो, ताई म्हणाल्या चिठ्ठी निघाली तर निघाली, तू बाहेर बस. मी ओसरीत बसलो. आत ताईंनी वय विचारलं. "भूकंपातली." मग पुढचा प्रश्न. आम्हाला माहेरी सांगितलं होतं, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. आई दवाखान्यात डबा घेऊन गेली होती, तिलाही तेच सांगितलं. मी बाहेर आहे हे अंबिकाला ठाऊक होतं. तिने आवाज चढवला. "पिशवी काढली, नऊ वर्सं झाली. डाक्टर म्हनला, ठिवली तर क्यान्सर हुईल. एकच पोरगी हाय मला. माहेरी म्या कुणालाच सांगिटलं न्हाई. लिव्हा." भिंतीच्या या बाजूला मी लिहिलं. वय बत्तीस, तेव्हा तेवीस. आता आईचं ऐकून हिशोब केला तर तेव्हा ती वीस-एकवीसची होती. निघताना तिने चहा दिला. परवा तिचा फोन आला, एवढंच विचारलं, "आमचं लिव्हलेलं नांदेडला पोचलं का रे?" मी हो म्हटलं.

माझं नाव वाचवायला हे लिहायला बसलो होतो. ती मागणी मी मागे घेतो. सरांना सांग, आदर्शने वय काढताना चूक केली, हवं तर खोटारडा म्हणा, लातूर-नांदेडात पुन्हा काम देऊ नका. पण सोमवारी त्या तीनशे ओळी पुसू देऊ नकोस. पुसल्या तर अंबिका खोटं बोलली असं होईल आणि ती पुन्हा कुणाला सांगायची नाही. दुसऱ्या कुणाला पाठव, शक्यतो तू स्वतः जा, गुरम्माताई येतील. फक्त एकेचाळीस घरं आहेत. भूकंप झाला तेव्हा ती पोटात होती, रांगत होती की नंतर शेडात झाली, एवढंच प्रत्येकीच्या आईला किंवा मोठ्या भावंडाला विचारा. मी गावात पाय ठेवणार नाही. अंबिकाच्या घरी तू गेलीस तर मी पाठवलं म्हणू नकोस. नांदेडहून आले, तुमचं लिहिलेलं पोचलं, एवढंच सांग.

गाडी लागते आहे.

खिडकीबाहेर बघत होतीस तेव्हाही, आताही,
तुझाच
आदर्श

ता. क. हिशोब. सरांकडून उचल ९,००० रुपये. आजचा प्रवास जाऊन-येऊन ३९०, तो माझा मी करतो आहे. याच पाकिटात ३,५०० ठेवले आहेत, एकेचाळीस घरांच्या फेरीला तुम्हा दोघींना लागतील. ते उचलीतून वळते करू नका. उचलीचं देणं पुरं ९,००० राहिलं. फॉर्म ठेवले तरी ते मी फेडणार आहे.