हव म्हटल्याशिवाय

पराग बाबू,

"आई, त्या कराटेवाल्या सरवर नजर ठेव, भलतं दिसलं तं क्लास बंद," असं तू नागपूरहून सांगितलं. म्हणून मी इकडं आपल्या तेलीबांधा मोहल्ल्यातल्या क्लासात दाराआडून पाहून राहिली. तुझ्या लेकीले, देवश्रीले, ऑटिझम आहे, हे त्याले ठाऊक आहे. बाकी पोट्ट्यायचं मनगट धरून तो सोडवायचा डाव शिकवे, अन् तिच्यासमोर हात पुढं करून नुसता उभा राहे. मले वाटलं, पोरीले टाळून राहिला.

म्या टोमणा मारला, "काहून हो सर, फोटोसाठी उभे राहिले का?"

तो म्हणे, "अम्मा, वो हव बोलेगी, तभी हाथ पकड़ूँगा."

हव म्हणजे इकडलं 'हो'. मले नाटकच वाटलं.

काल वेणी घालाले मी तिचं मनगट धरून ओढलं. पोट्टीनं असा हात फिरवला का कंगवा मोरीत पडला. म्हणते, "मैंने हव नहीं बोला."

नऊ वर्षांत आपण कोणी तिले पुसलंच नाही, बाबू. क्लास चालू राहीन.

ही चिठ्ठी मी धाडत नाही, डब्यातच ठेवून राहिली. दिवाळीले तू येशील, आल्याबरोबर तिचा हात ओढशील, तवा तुले समजन.

बोटं चोळत बसलेली,
तुझी आई